एअरसॉफ्ट पिस्तुलावरचा ओरखडा काढताना

इंग्लंडातल्या तिसऱ्या हिवाळ्यात मला एअरसॉफ्टचा, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकांनी प्लास्टिकचे छर्रे मारत खेळायच्या लुटुपुटूच्या लढाईचा, नाद लागला. ऑफिसातला एक जण रविवारी जंगलात खेळायला घेऊन गेला आणि चार महिन्यांत माझ्या कपाटात एक सेकंडहॅण्ड १९११ येऊन बसलं. जॉन ब्राउनिंगनं आखलेलं, अमेरिकी सैन्यानं १९११ साली स्वीकारलेलं आणि १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून चालवलेलं हे मॉडेल. माझं अर्थातच त्याचं खेळातलं रूप: गॅसवर चालणारं, ६ मिलिमीटरचे प्लास्टिकचे छर्रे उडवणारं, पण सगळं अंग धातूचं आणि हातात घेतल्यावर भारदस्त.

पहिल्याच आठवड्यात मी ते हौसेनं खोललं आणि परत जोडताना डाव्या बाजूला चंद्रकोरीसारखा एक चकचकीत चरा पाडला. या चऱ्याला जगभरातले १९११ वाले 'इडियट स्क्रॅच' म्हणतात, हे मला नंतर समजलं. तेव्हा फक्त इतकंच दिसत होतं की काळ्याभोर अंगावर पांढरी रेघ उठली आहे. मग मी बंदुकीला काळं करायचं एक रसायन आणलं आणि लावलं. चरा काळा झाला नाही. त्यावर तपकिरी, बोटाला लागणारी काजळी धरली. ती काढायला वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) घेतला, तर आजूबाजूचा रंग गेला. जोर लावला, तर खालून सुईच्या टोकाएवढी भोकं वर आली. बोटभर चऱ्याचं मी तळहाताएवढं प्रकरण करून ठेवलं.

ते निस्तरायला दोन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून पायऱ्या नीट क्रमानं लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे. माझं जे बिघडलं ते क्रम चुकल्यानंच.

१. आधी कायदा, मग वॉटर पेपर

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळू नका. ब्रिटनमध्ये २००६ चा व्हायोलंट क्राइम रिडक्शन ॲक्ट आहे. त्याच्या कलम ३६ नुसार साध्या नकली बंदुकीत बदल करून ती खऱ्यासारखी दिसेल अशी करणं हा गुन्हा आहे. एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांना आणि काही ठरावीक कामांना त्यातून बचाव मिळतो, पण त्यासाठीचा पुरावा तुम्हालाच मांडावा लागतो. नवख्या माणसाला बहुतेक वेळा निम्मी निळी किंवा हिरवी, म्हणजे 'टू-टोन' बंदूक विकली जाते. तिच्यावर ओरखडा पडला म्हणून 'आता सगळीच काळी करून टाकू' असं मनात आलं, तर तिथेच थांबा. तुमच्याकडे एखाद्या मैदानाचं सभासदत्व असेल (साधारण पद्धत अशी, की किमान ५६ दिवसांत तीन खेळ झाले की ते मिळतं), तर त्या मैदानावरच्या जाणकारांना विचारून मग ठरवा. निळी असेल तर निळ्याची दुरुस्ती निळ्यानंच करा.

दुसरी गोष्ट सार्वजनिक जागेची. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम १९ खाली योग्य कारणाशिवाय नकली बंदूकसुद्धा सार्वजनिक ठिकाणी बाळगता येत नाही. रंगाचा वास नको म्हणून तुम्ही घरापुढच्या अंगणात दोरीला पिस्तूल टांगलंत आणि समोरून कुत्रा फिरवायला निघालेल्या बाईंनी ते पाहिलं, तर दारात सशस्त्र पोलीस येऊ शकतात. रंगकाम शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये, दार ओढून. वाऱ्यासाठी खिडकी उघडा, पण रस्त्यावरून आतलं दिसणार नाही अशी.

अमेरिकेत असाल तर नळीच्या तोंडाचं केशरी टोक चिकटपट्टीनं झाकून ठेवा, त्यावर रंग जाऊ देऊ नका. आणि भारतात सुट्टीला जाताना 'भाच्याला दाखवू' म्हणून हे बॅगेत टाकू नका. विमानतळावर ते खेळणं आहे हे पटवून देता देता तुमचं विमान निघून जाईल.

२. रिकामं करा, सुटं करा

मॅगझिन (छर्रे आणि गॅस भरायचा, मुठीत बसणारा डबा) काढा. सुरक्षित दिशेला धरून स्लाइड (वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढा आणि आत एखादा छर्रा अडकला आहे का ते मागच्या बाजूनं बघा. असेल तर काढून टाका; गॅस मॅगझिनमध्येच असतो, त्यामुळे ते काढल्यावर नुसता चाप ओढून छर्रा निघत नाही. गॅसवाल्या मॅगझिनमधला गॅस बाहेर मोकळ्या हवेत सोडा. ज्याला ग्रीन गॅस म्हणतात तो मुख्यतः प्रोपेन असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरचाच भाऊबंद; जवळपास पेटती सिगरेट किंवा हीटर नको. बॅटरीची बंदूक असेल तर बॅटरी काढून ठेवा.

मग खोला. ज्या भागावर ओरखडा आहे तो एकटा हातात आला पाहिजे. अंगावरचं सगळं तसंच ठेवून वरवर घासण्याचा मोह फार होतो, पण घासलेली भुकटी आतल्या रबरी कड्यांत आणि स्प्रिंगांत जाऊन बसते.

इथे दोन सापळे आहेत. पहिला स्क्रूंचा. जपानी बंदुकींचे अधिकचिन्हाचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स पेचकसात बसल्यासारखे वाटतात, पण नीट बसत नाहीत. त्यांचं माप जपानी पद्धतीचं, जेआयएस असतं. जोर लावला की स्क्रूचं तोंड झिजतं आणि ओरखड्याच्या जोडीला दुसरं दुखणं मागे लागतं. जेआयएस पेचकस ऑनलाइन मिळतो, घ्याच. दुसरा सापळा उडणाऱ्या स्प्रिंगांचा. १९११ मध्ये एका बारीक नळीत स्प्रिंग आणि दोन टाचणीएवढ्या खुंट्या असतात. पारदर्शक पिशवीत दोन्ही हात घालून काम करा. मी केलं नाही, आणि एक खुंटी अजून गालिच्यात कुठेतरी आहे.

प्रत्येक टप्प्यावर मोबाइलनं फोटो काढत राहा.

३. खाली कोणता धातू आहे ते ओळखा

सगळा खेळ या पायरीवर आहे. 'मेटल फिनिश' या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि एकीचं औषध दुसरीला विष ठरतं.

*जस्ताची मिश्रधातू.* याला झामाक म्हणतात. मुख्यतः जस्त, साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम. साच्यात दाबून ओतलेली, स्वस्त, जड. परवडणाऱ्या किमतीतल्या 'फुल मेटल' पिस्तुलांपैकी बरीचशी हीच. लोहचुंबक चिकटत नाही. ओरखड्याच्या तळाशी करडट, जरा निळसर झाक दिसते.

*ॲल्युमिनियम.* हेही चुंबकाला चिकटत नाही, पण हलकं लागतं. घनता २.७, झामाकची ६.६ च्या आसपास. त्यामुळे नुसती स्लाइड तळहातावर घेतली तरी फरक कळतो. ओरखडा पांढराशुभ्र दिसतो.

*पोलाद.* चुंबक टक्कन बसतो. महागड्या मॉडेलांत आणि बऱ्याच पिस्तुलांच्या छोट्या भागांत (घोडा, चाप, खटके) सापडतं. ओरखड्यावर काही दिवसांत तांबूस गंज दिसला तर शंका उरत नाही.

*प्लास्टिक.* हो, प्लास्टिक. जपानमध्ये १९७१ च्या कायद्यानं धातूच्या नकली पिस्तुलांवर कडक बंधनं आली: नळी बंद हवी, रंग पांढरा किंवा पिवळा हवा. तेव्हापासून तिथल्या कंपन्या प्लास्टिककडे वळल्या आणि प्लास्टिकलाच धातूसारखं दाखवण्याची कला त्यांनी फार पुढे नेली. तोक्यो मारुईचं पिस्तूल लांबून पाहिलं तर पोलादी वाटतं, पण स्लाइड एबीएस प्लास्टिकची असते. काही जपानी कंपन्या प्लास्टिकमध्ये धातूची भुकटी मिसळून 'हेवीवेट' माल बनवतात. तो वजनाला फसवतो. नख वाजवून बघा. धातू थंड लागतो आणि खणखणतो, प्लास्टिक ठक्क करतं. हे प्लास्टिक निघालं तर ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा. एबीएस त्यात विरघळतं. पुसायला गेलात तर बोटांचे ठसे कायमचे उमटतील.

एकाच पिस्तुलात चारही सापडू शकतात. माझ्यात फ्रेम (खालचा सांगाडा) आणि स्लाइड जस्ताची, चाप ॲल्युमिनियमचा, काही खटके पोलादी आणि मूठ प्लास्टिकची आहे. म्हणून प्रत्येक भागाची वेगळी परीक्षा करा. स्लाइडवर चुंबक लावताना आत बसलेल्या पोलादी भागाजवळ लावू नका. तो ओढेल आणि तुम्ही फसाल.

आता माझी चूक कुठे झाली ते सांगतो. पोलादाला थंड अवस्थेत काळं करणारं जे द्रव मिळतं, ज्याला कोल्ड ब्लू म्हणतात, त्यात सेलेनियमचं संयुग आणि बहुधा तांब्याचे क्षार असतात. पोलादावर त्याची पातळ, काळी-निळी, घट्ट झिलई धरते. जस्त तांब्यापेक्षा फार उतावळं: तांब्याचा क्षार दिसला की जस्त विरघळायला लागतं आणि तांबं त्याच्या जागी भुकटीसारखं येऊन बसतं. शाळेत मोरचुदाच्या निळ्या पाण्यात जस्ताचा तुकडा टाकल्यावर जे होत असे तेच. माझी ती तपकिरी काजळी म्हणजे दहावीचा प्रयोग होता, फक्त महागात पडलेला.

४. तो खरंच ओरखडा आहे का?

निम्म्या वेळा नसतो. होल्स्टरच्या (पिस्तूल अडकवायच्या कमरेच्या म्यानाच्या) बकलाचा किंवा दुसऱ्या बंदुकीचा मऊ धातू काळ्या अंगावर घासून पांढरी रेघ उमटते. ती वर चिकटलेली असते, आत गेलेली नसते. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. गेली नाही तर मऊ खोडरबरानं हलकेच घासा. गेली, तर बाकीचा लेख सोडून चहा प्या.

उरली, तर नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा फक्त रंगात किंवा मुलाम्यात आहे. नख अडकत असेल तर धातूत गेला आहे.

तिसरीही एक शक्यता आहे: त्याला हात न लावणं. जुनी, बंद पडलेल्या जपानी कंपनीची, मूळ खोक्यासकटची वस्तू असेल, तर संग्राहक मूळ झिलईला पैसे देतात. कडा झिजून धातू उघडा पडलेली वस्तू त्यांना आवडते. नव्यानं रंगवलेली पाहून ते पाठ फिरवतात. विकायचा विचार असेल तर काही करू नका. १९११ च्या बाबतीत तर मला वाटतं, कडांवरची झीज शोभते. चंद्रकोर मात्र शोभत नाही.

५. सामान

एकदम सगळं आणू नका. धातू ओळखल्यावर जे लागेल तेच.

– वॉटर पेपर: ४००, ६००, ८००, १०००, १५०० नंबर. भारतात हार्डवेअरच्या दुकानात याच नावानं मिळतो. ब्रिटनमध्ये 'वेट अँड ड्राय' म्हणून मागा.
– घासताना कागदाखाली धरायला सपाट लाकडी ठोकळा किंवा कडक खोडरबर
– करडा स्कॉच-ब्राइट (भांड्यांचा हिरवा नव्हे, तो फार खरबरीत)
– आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी धुण्याचा साबण, जुना टूथब्रश
– चांगली मास्किंग टेप आणि धारदार कटर
– नायट्राइल हातमोजे, धुळीचा मास्क, चष्मा
– जस्त आणि ॲल्युमिनियमसाठी ॲसिड एच प्रायमर (आम्लानं धातूला किंचित खाऊन पकड धरणारा पहिला थर), मग जाड थराचा फिलर प्रायमर, मग काळा रंग. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात स्प्रे कॅनमध्ये सगळं मिळतं
– पोलादासाठी कोल्ड ब्लू, ॲल्युमिनियमसाठी त्याचं वेगळं काळं द्रव. बर्चवुड केसीचं 'परमा ब्लू' आणि 'ॲल्युमिनियम ब्लॅक' ही दोन सहज मिळणारी नावं

घरातलं काय वापरू नये याचीही यादी करून ठेवा. पितांबरी, चिंच, लिंबू, व्हिनेगर: सगळं आम्लाचं, तांब्यापितळेसाठी उत्तम, जस्ताला खाणारं. ओव्हन क्लीनर आणि मोरी साफ करायचं कॉस्टिक: ॲल्युमिनियमवरचा ॲनोडायझिंगचा (विजेच्या प्रक्रियेनं चढवलेला टणक) थर धुऊन टाकतं. ब्रासो: ओरखड्याबरोबर आजूबाजूचा काळा रंगही नेतं. टूथपेस्ट: मॅट अंगावर एक चमकदार चट्टा पाडते, जो मूळ ओरखड्यापेक्षा लांबून दिसतो. आणि तेल लावल्यावर ओरखडा गायब झाला म्हणून खूश होऊ नका, सुकल्यावर परत येतो.

६. वरवरचा ओरखडा: टाचणीच्या टोकाचं काम

नख अडकत नसलेल्या रंगातल्या रेघेसाठी घासायची गरज नाही. अल्कोहोलनं पुसा, सुकू द्या. मॅट काळा मॉडेलचा रंग (विमानांची-रणगाड्यांची मॉडेलं रंगवायला वापरतात तो) टूथपिकच्या टोकावर घ्या आणि फक्त रेघेच्या आत सोडा. ब्रशनं ओढू नका, ठिपका ठेवा, तो स्वतः रेघेत पसरतो. बाहेर गेलेला लगेच ओल्या कापसानं टिपून घ्या. एका दिवसानं पुन्हा एक ठिपका.

काळ्यांतही फरक असतो, हे दुकानात उभं राहिल्यावर कळतं. खऱ्या १९११ वर सुरुवातीला निळसर काळी झिलई असे आणि दुसऱ्या महायुद्धात करडी-हिरवट, खरखरीत फॉस्फेटची, म्हणजे पार्कराइझ्ड. तुमची प्रतिकृती कोणत्या काळाची नक्कल करते त्यावर रंग ठरतो. महायुद्धातल्या मॉडेलवर गडद काळा ठिपका पडला की तीळ उठल्यासारखा दिसतो; त्यात थोडा करडा मिसळा. आतल्या, न दिसणाऱ्या जागी एक ठिपका सुकवून बघा.

७. खोल ओरखडा, जस्ताचं अंग

हे काम लांबलचक आहे. मोकळा शनिवार-रविवार आणि पुढचे दहा दिवस धीर, एवढं हाताशी हवं.

क) *आधी तेल काढा, मग घासा.* एअरसॉफ्टमध्ये सगळीकडे सिलिकॉन तेल असतं. गॅसमध्येसुद्धा मिसळलेलं असतं. सिलिकॉनच्या अंगावर रंग बसत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. तेल असतानाच वॉटर पेपर मारला तर ते घासलेल्या चऱ्यांत आणखी आत जातं. म्हणून कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, टूथब्रशनं प्रत्येक खाच. कोरडं करा. मग अल्कोहोल, दर वेळी नवं फडकं. हे दोनदा. यानंतर हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. आणि त्या खोलीत सिलिकॉनचा स्प्रे उघडायचासुद्धा नाही.

ख) *टेप लावा.* स्लाइडवर किंवा फ्रेमवर कोरलेली अक्षरं फार उथळ असतात. वॉटर पेपरचे दहा हात फिरले की ती धूसर होतात, आणि परत कोरता येत नाहीत. अक्षरांपासून दोन मिलिमीटर अंतर सोडून टेप. स्लाइड ज्या खाचांवर धावते त्या खाचाही झाका. रंगाचा थर तिथे बसला तर स्लाइड अडखळते. गॅसच्या पिस्तुलात ताकद मोजकीच असते, तेवढं घर्षणही तिला जड जातं.

ग) *ओल्यानं घासा.* पाण्यात साबणाचा एक थेंब. ६०० पासून सुरू करा. ४०० फक्त खूप खोल असेल तर. कागद ठोकळ्याला गुंडाळा. बोटानं दाबून घासलं तर सपाट अंगावर लाट येते, आणि ती रंग लावल्यावर खिडकीच्या उजेडात लख्ख दिसते. हात स्लाइडच्या लांबीच्या दिशेनंच चालवा, मूळ रेषा त्याच दिशेच्या असतात. कडेवरून ठोकळा उतरू देऊ नका. धारदार कड गोल झाली की पिस्तूल साबणाच्या वडीसारखं दिसायला लागतं.

घ) *कुठे थांबायचं.* इथे मी बुडालो. दाबून ओतलेल्या जस्ताची फक्त वरची साल घट्ट असते, साधारण अर्धा मिलिमीटर. ओतताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे तिच्या खाली असतात. ओरखडा पूर्ण जाईपर्यंत घासत राहिलात तर साल फोडून त्या भोकांपर्यंत पोहोचाल. म्हणून ओरखडा घासून संपवायचा नाही. त्याच्या उठलेल्या कडा सपाट करायच्या, भोवतीचा रंग उतरता करायचा, आणि तळ फिलर प्रायमरनं भरून काढायचा. नखाला कड लागेनाशी झाली की थांबा.

घासून झाल्यावर लगेच कोरडं करा. ओलं जस्त रात्रभर राहिलं तर सकाळी पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं.

च) *प्रायमर.* उघड्या जस्तावर साधा रंग थेट मारू नका. काही महिन्यांत पापुद्रे निघतात. आधी ॲसिड एच प्रायमरचा पातळ, आरपार दिसेल असा एकच हात. तो सुकल्यावर फिलर प्रायमरचे दोन-तीन हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडून. गाड्यांच्या गॅरेजमध्ये वापरतात ती पॉलिएस्टरची लांबी (पुट्टी) एच प्रायमरवर थेट लावू नका, दोघांचं पटत नाही. फिलर प्रायमर पूर्ण सुकला की ८०० नं ओलं घासा. ओरखड्याची जागा अजून खोलगट दिसत असेल तर पुन्हा एक हात आणि पुन्हा घासणं. माझे चार फेरे झाले.

छ) *रंग.* फक्त ओरखड्यावर फवारा मारला तर ठिगळ दिसणारच, कितीही हलका हात असला तरी. जिथे आकार नैसर्गिकपणे वळतो, त्या कडेपर्यंतचा पूर्ण पृष्ठभाग रंगवा. बहुतेक वेळा ती एक पूर्ण बाजू असते. कॅन २०-२५ सेंटिमीटरवर धरा, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. पहिला हात इतका विरळ, की खालचा प्रायमर दिसत राहावा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा. तीन पुरेत, जाड थरानं अक्षरं बुजतात.

इंग्लंडातल्या जानेवारीत गॅरेज ८ अंशांवर असतं आणि हवेत ओल. अशा वेळी काळ्यावर पांढरट झाक येते. कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा (उकळत्या पाण्यात कधीही नाही, कॅन फुटतो), आणि शक्यतो १५ अंशांवरच्या दिवसाची वाट बघा. माझ्या दोन महिन्यांतले तीन आठवडे नुसते हवामानाकडे बघण्यात गेले.

ज) *वाट बघणं.* तासाभरात हाताला लागत नाही म्हणून रंग पक्का झाला असं नाही. आठवडा-दहा दिवस लटकवून ठेवा. लवकर व्हावं म्हणून ओव्हनमध्ये ठेवू नका: जस्ताच्या आत अडकलेली हवा तापून फुगते आणि रंगाखाली फोड येतात. शिवाय ज्या ओव्हनमध्ये नानकटाई भाजायची त्यात रंगाची वाफ कशाला?

८. पोलाद आणि ॲल्युमिनियम

पोलादाचं काम मला सर्वांत आवडतं, कारण तिथे चूक झाली तर घासून पुन्हा करता येतं. तेल काढा, ६०० ते १००० पर्यंत घासा, पुन्हा अल्कोहोल. भाग हेअर ड्रायरनं हाताला गरम लागेल इतपत तापवा. हातमोजे घालून कोल्ड ब्लू कापसाच्या बोळ्यानं एका दमात लावा. थांबलात तिथे रेघ येते. मिनिटभरानं पाण्यानं धुवा, कोरडं करा, करड्या स्कॉच-ब्राइटनं अगदी हलकं पुसा, पुन्हा लावा. तीन ते पाच फेऱ्यांत रंग गडद होतो. शेवटी तेलाचा हात देऊन रात्रभर ठेवा. पोलाद तेलाशिवाय राहिलं तर नव्या झिलईखालीही गंजतं. सेलेनियम विषारी असतं. वास घेऊ नका, आणि उरलेलं बाटलीत परत ओतू नका.

ॲल्युमिनियमवर कारखान्यात झालेलं ॲनोडायझिंग घरी परत आणता येत नाही. त्याचं काळं द्रव उघड्या जागेवर करडा-काळा रंग आणतं, तो लांबून चालून जातो, पण घासला की लवकर उतरतो. बारीक ओरखड्याला ते चालेल. मोठ्याला एच प्रायमर आणि रंगच बरा.

चंदेरी, क्रोमसारखं दिसणारं पिस्तूल असेल तर काहीही घासू नका. तो मुलामा कागदाहून पातळ असतो, आणि खाली जस्त किंवा प्लास्टिक. फक्त मऊ कापडानं पुसा. खोल गेलं असेल तर ते तसंच असू द्या.

९. जोडताना तोच चरा पुन्हा पडू नये म्हणून

रंग दहा दिवस सुकला, टेप सोलली (हळू, रंगाच्या कडेपासून मागे दुमडत), खाचांवर सिलिकॉन तेलाचा एकेक थेंब दिला. आता १९११ वाल्यांसाठी शेवटचं.

तो चंद्रकोरी चरा स्लाइड-स्टॉप नावाच्या खटक्यानं पडतो. त्याचा दांडा डावीकडून भोकात घालतात आणि मागचं टोक वर ढकलतात. ते टोक स्प्रिंगवरच्या खुंटीला अडतं, माणूस जोर देतो, टोक फ्रेमवरून घासत कमानीत वर सरकतं. म्हणून आधी फ्रेमवर, खटक्याच्या खालच्या जागी, मास्किंग टेपचे दोन थर लावा. स्लाइड मागे ओढून तिची छोटी खाच खटक्याच्या मागच्या टोकाच्या बरोबर वर आणा. दांडा जवळपास पूर्ण आत घाला, खटका फ्रेमपासून दोन मिलिमीटर बाहेर आणि आडवाच राहू दे. दुसऱ्या हातानं टूथपिकनं ती खुंटी मागे दाबा, आणि खटका सरळ आत ढकला, वर फिरवू नका. 'टक्' आवाज आला की झालं. आवाज आला नाही तर जोर देऊ नका, बाहेर काढून स्लाइडची खाच पुन्हा जुळवा.

मी अजूनही दर वेळी टेप लावतो. एकदा घाईत लावली नव्हती, आणि सातव्या पायरीचा 'क' पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.